शारदाबाईंचे खारट उपवास

शारदाबाई नेवासकरांची किडनी फर्स्ट क्लास आहे ही बातमी एका आठवड्यात साऱ्या सुदामा नगरात पोचली होती. पोचवणाऱ्या त्या स्वतःच. भाजीवाला, दूधवाला, शेजारच्या शिखा भाभी, कुणालाही थांबवून त्या सांगत, की डॉक्टर म्हणाले, "आंटीजी, पचपन की उमर में ऐसी किडनी! बच्चों जैसी है।" आणि मग, आपल्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागल्यावर मुख्याध्यापिका जशा मान खाली घालून हसतात, तशा हसत.

डॉक्टर त्यापुढेही काही म्हणाले होते. ते मात्र त्या सांगत नसत.

किडनी हवी होती सुजयला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला. सत्तावीस वर्षांचा पोरगा, विजय नगरमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, मोटरसायकल, मित्र, सगळं नीट चाललेलं. मागच्या वर्षी पाय सुजायला लागले. नवे बूट घट्ट आहेत, असं घरात सर्वानुमते ठरलं. बूट बदलले, मग आणखी एकदा बदलले. तिसऱ्या बुटाच्या वेळी तो जिना चढताना धापा टाकायला लागला तेव्हा कुठे दवाखाना आठवला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि बाकीच्या दिवशी मोजून पाणी, अळणी जेवण.

किडनी द्यायला आधी बाप पुढे झाला. श्रीकृष्णराव सांवेर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. त्यांची शुगर पाहून डॉक्टरांनी फाईल मिटली ती मिटलीच.

"आयुष्यभर दुसऱ्याचा माल रिजेक्ट केला," ते बाहेर येऊन म्हणाले, "आता माझाच माल पहिल्या टेबलावर रिजेक्ट. वरती बसलेल्याकडे विनोदबुद्धी आहे हो."

उरल्या शारदाबाई. रक्तगट जुळला, बाकीचं जुळलं, किडनी बच्चों जैसी निघाली. अडलं ते बी.पी.पाशी. डॉक्टर मुकुल तरुण होते, हसरे होते, पण हे सांगताना हसले नव्हते. "बी.पी. असंच राहिलं तर मी तुमची किडनी घेऊ शकत नाही, आंटीजी. एक पेशंट बरा करताना घरातून दुसरा तयार करायचा नसतो. नमक बंद. अडीच महिन्यांनी चोवीस तास मशीन लावून बघू. तेव्हा नीट आलं तर ठीक."

ही ती गोष्ट, जी भाजीवाल्याला कळलेली नव्हती.

आता, इंदुरात माणूस दारू सोडतो, नोकरी सोडतो, बायको सोडल्याचीही उदाहरणं आहेत. सेव सोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. नेवासकरांच्या ओट्यावर सेवेचे पाच डबे होते: लवंगेची, लसणाची, बारीक, जाडी, आणि पाचव्यात या चौघींची उरलीसुरली एकत्र. पोह्यांवर सेव, वरणावर सेव, दहीभातावर सेव. शारदाबाईंचा एक मेहुणा आमरसावर सेव घालत असे आणि घरात त्याला कुणी वेडा म्हणत नसे. पोह्यांवर सेवेखेरीज जीरावनही हवं, आणि जीरावनात अर्धा मसाला तर अर्धं काळं मीठ. अशा घरात सुजयचं अळणी जेवण वर्षभर रांधलं ते शारदाबाईंनीच. भाजी शिजली की मिठाआधी सुजयची वाटी काढायची. बटाटे कापून पाण्यात घालून ठेवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. पोरानं तोंड वाकडं केलं, की ठरलेलं वाक्य टाकायचं.

"सवय होते रे. थोड्या दिवसांत जिभेला कळतसुद्धा नाही."

"तुला कसं माहीत, आई?"

"मी वाचलंय." हे बोलताना त्यांच्या पानात लिंबाचं लोणचं असे.

डॉक्टरांचा हुकूम झाला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच दोन वाट्या मिठाआधी निघाल्या. भेंडीची भाजी होती. शारदाबाईंनी घास घेतला. भेंडीची चव कुणीतरी फोनवरून वर्णन करून सांगावी तशी ती भाजी लागली. समोर सुजय जेवण थांबवून आईच्या तोंडाकडे बघत होता. वर्षभरात त्याचा चेहरा इतका खुललेला कुणी पाहिला नव्हता.

"कशी झालीय?"

"छान आहे."

"घे ना मग अजून. लाजू नको."

"जेव गप."

"सवय होते, आई," सुजय म्हणाला. "मी वाचलंय."

दुसऱ्या दिवशी पाचही डबे शिखा भाभींकडे रवाना झाले. त्यांनी डोळ्यात पाणी आणून ते घेतले आणि संध्याकाळच्या चहाबरोबर पहिला उघडला. श्रीकृष्णरावांना मात्र त्या दिवसापासून रोज संध्याकाळी स्कूटरचं पेट्रोल बघायला खाली जावंसं वाटू लागलं. पेट्रोल बघायला त्यांना दहा-पंधरा मिनिटं लागत, आणि वर आले की ते मिशा पुसत.

शारदाबाईंनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी त्या खजराण्याला गेल्या.

खजराण्याच्या गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढायचा, मनातलं मागायचं, आणि मिळालं की येऊन सुलटा काढायचा, अशी इकडची पद्धत आहे. शारदाबाई एम.एस्सी. केमिस्ट्री. बावीस वर्षं त्यांनी शाळेत तोच विषय शिकवला. पण या भिंतीसमोर डिग्री कुणी विचारत नाही. त्यांनी उलटा स्वस्तिक काढला आणि नवस बोलला: माझी किडनी पोराला लागू दे, तोवर मी संकष्टी तर करीनच, शिवाय सोमवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या करीन.

घरी येताना रिक्षात त्यांना या नवसाची दुसरी बाजू दिसली, आणि त्या इतक्या खूष झाल्या की रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भिया, आराम से चलो, कोई जल्दी नहीं है।" उपवासाला मीठ चालत नाही. म्हणजे उपवासाच्या दिवशी मीठ बंद. म्हणजे जितके उपवास तितकं बी.पी. खाली. पुण्य आणि पथ्य एकाच कुकरात, दोन शिट्ट्यांत.

हे त्यांनी घरी मांडून दाखवलं तेव्हा श्रीकृष्णरावांनी एकच शंका काढली. "अगं, पण खिचडीत तर..."

"ते सेंधं हो."

"हां," म्हणाले ते, आणि प्रकरण मिटलं.

मिटणारच. नेवासकरांच्या घरात मीठ वेगळं आणि सेंधं, म्हणजे उपवासाचं सैंधव, वेगळं हे लग्नाच्याही आधीपासून ठरलेलं होतं. मिठाची बरणी खाली ओट्यावर, सेंध्याची वर, देवाच्या तेलाशेजारी. दोन्हींचे चमचे वेगळे. खालचा चमचा चुकून वरच्या बरणीला लागला तर बरणी बाटायची, आतलं सगळं सेंधं खालच्या बरणीत जायचं आणि वरची धुऊन नव्यानं भरली जायची. अशा दोन वस्तू एकच असतील हे कुणाच्या डोक्यात यायचं तरी कसं? सासूबाईंच्या हयातीत असं डोक्यात येणं म्हणजे घरातून निघण्याची तयारी होती.

शिखा भाभींनी तर पुढे जाऊन सर्टिफिकेटच दिलं. "दीदी, सेंधा नमक थोड़ी है। वो तो पहाड़ का पत्थर है। बी.पी. में तो अमृत।"

झालं. आठवड्यातले तीन दिवस कोरडी भाकरी आणि निस्तेज भाजी खाऊन शारदाबाईंची जीभ जी उपाशी राही, ती बाकीच्या चार दिवशी जेवून घेई. साबुदाण्याची खिचडी, त्यात सेंधं सढळ हातानं, कारण ते मीठ नाही. ताकात सेंधं. काकडीवर सेंधं. तळलेल्या शेंगदाण्यांना सेंधं. शिवाय नमकीनच्या दुकानातून फरियाली मिक्चर यायला लागला. फरियाली म्हणजे उपवासाचा, तेव्हा त्याच्यावर शंका कोण घेणार? बटाट्याच्या सळ्या, शेंगदाणे, वर झाक म्हणून सेंधं आणि मिरी. पहिल्या आठवड्यात पाव किलो लागला, मग अर्धा. सुजयच्या डायलिसिसला लागणाऱ्या चार तासांत आई बाहेरच्या बाकावर बसून, पदराखाली पुडी धरून, उपवास करीत असे.

"आई," सुजय म्हणायचा, "उपवासानं जाड होणारी तू पहिलीच."

"हवा धरते रे बैठ्या बाईला."

त्या खरोखर सुखात होत्या. मीठ सोडणं इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. शाळेच्या जुन्या मैत्रिणींना त्या फोनवर सल्ले देऊ लागल्या. चपलेचा पट्टा रुतायला लागला तेव्हा चप्पल आवळली, असं त्यांनी ठरवलं. या घरात पादत्राणांवर आळ घेण्याची परंपराच होती.

मधली तपासणी आली. शारदाबाई बक्षीस घ्यायला जावं तशा कडक इस्त्रीची साडी नेसून गेल्या. नर्सनं बी.पी. घेतलं, पुन्हा घेतलं, मग डॉक्टर मुकुलांनी स्वतः घेतलं. पहिल्यापेक्षा जास्त होतं.

"आंटीजी, नमक छोड़ा?"

"पूरा."

"अचार? पापड़? सेव?"

"घर से निकाल दिया. पूछ लो इनको."

श्रीकृष्णरावांनी छताकडे पाहत मान डोलावली.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. पुढच्या वेळीही असंच आलं तर आपण हा विचार सोडून देऊ, ते म्हणाले. सुजयचं नाव मग अनोळखी दात्यांच्या प्रतीक्षेच्या यादीत जाईल. कुणाची किडनी कधी मिळेल हे कुणीच सांगू शकत नाही. महिने, वर्षं. तोवर डायलिसिस. "तोवर" या शब्दावर ते जरा रेंगाळले, मग म्हणाले, "जाण्याआधी डायटीशियनची वेळ घेऊन ठेवा."

घरी येताना रिक्षात तिघं एका रांगेत बसले होते. मग सुजय म्हणाला, "आई, खरं सांग. बाबांच्या डिक्कीतलं खातेस का तू?"

"डिक्कीतलं काय?" शारदाबाई म्हणाल्या.

श्रीकृष्णराव एकदम रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचू लागले.

"अहो, डिक्कीत काय आहे?"

"थोडी लसणाची," श्रीकृष्णराव म्हणाले. "स्टेपनी म्हणून."

एरवी यावर घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. पण शारदाबाई सुजयकडे वळल्या. त्यांनी त्याच्या गळ्याला हात लावला. "तुझी शपथ रे. एक दाणा नाही खाल्ला."

"यार आई, मी रागवत नाहीये." तो समजुतीच्या सुरात बोलत होता, जसं त्या वर्षभर त्याच्याशी बोलत आल्या होत्या. "मी पण खाल्लंय ना चोरून. दिवाळीत, ऑफिसखाली, दोन प्लेट पोहे. रात्रभर श्वास लागला होता, तुला सांगितलं नाही. अळणी कुणालाच जमत नाही गं. तुला नाही जमलं तर नको देऊस. मी थांबीन लिस्टमध्ये. काय एवढं."

तो रागावला असता तर त्यांनी दोन शब्द परत दिले असते. पण पोराला वाटत होतं, आई सेवेसाठी आपल्याला सोडून देतेय. आणि तरी तो तिची समजूत घालत होता.

पुढचे दोन दिवस डाळ निवडता निवडता शारदाबाईंचा हात थांबे. खाल्लं नाही, तरी वाढलं कसं? झोपेत उठून खात असेन का, असंही त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. मग त्याहून वाईट विचार आला. तोंड हो म्हणतंय, नवस हो म्हणतोय. शरीर आतून नाही म्हणत असेल तर? पोटच्या पोराला द्यायला आपलीच किडनी घाबरली असेल तर?

घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. त्यांनी मंगळवारही धरला.

बुधवारी डायटीशियनकडे गेल्या त्या अशा, पाच उपवासांच्या. सोबत श्रीकृष्णराव, डिक्की प्रकरणापासून चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटलेले. केबिनचं दार उघडलं तर आतली मुलगी उठून उभी राहिली.

"मॅम! ओळखलं का? अनुश्री. दहावी ब."

शारदाबाईंनी चष्मा सारखा केला. "मागच्या बाकावरची? सारखी बोलणारी?"

"तीच. आता बोलायचीच नोकरी लागली. बसा ना, मॅम. काकाजी, तुम्ही पण." तिनं पेन उघडलं. "कालपासून सुरू करू. काल दिवसभर काय खाल्लं?"

"काल काही नाही. काल मंगळवार. उपवास होता."

"अरे वा. मग उपवासाला काय घेतलं?"

"सकाळी खिचडी. दुपारी भगर, दाण्याची आमटी. चार वाजता मूठभर मिक्चर..."

"मूठभर?" श्रीकृष्णराव म्हणाले.

"दोन मुठी. पण फरियाली. रात्री ताक, बटाट्याची भाजी, काकडी."

"आणि मीठ, मॅम?"

"उपवासाला कुठलं मीठ?"

"म्हणजे खिचडी अळणी?"

"अळणी कशाला? सेंधं घातलं ना."

अनुश्रीचं पेन थांबलं. तिनं ते हळूच टेबलावर ठेवलं. "असे उपवास आठवड्यात किती होतात, मॅम?"

"चार. या आठवड्यापासून पाच."

"मॅम," अनुश्री फार आदरानं म्हणाली, "सेंध्या मिठाचं सूत्र काय?"

शारदाबाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. बावीस वर्षं ज्या फळ्यावर त्यांनी खडूनं लिहिलं होतं, तो फळा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. धडा खनिजांचा. सैंधव, म्हणजे खडकातून मिळणारं. त्याखाली सूत्र, सूत्राखाली दोन रेघा, कारण परीक्षेत येतं.

"याच प्रश्नाला मी गप्प राहिले होते, तर तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं," अनुश्री म्हणाली. "अख्खा पिरियड."

"सोडियम क्लोराइड," शारदाबाई म्हणाल्या. आवाज मागच्या बाकावरून आल्यासारखा आला.

श्रीकृष्णरावांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे तेच?"

"तेच हो."

"खालच्या बरणीतलं?"

"तेच म्हणतेय ना!"

"आणि चमचा बाटला म्हणून आपण तीस वर्षं बरण्या धुतोय?"

हसायला पहिली सुरुवात त्यांची झाली. मग अनुश्रीला आवरेना, आणि मग शारदाबाईंना. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या, आणि हसता हसता केव्हा रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. शरीर नाही म्हणत नव्हतं. त्याचा काही दोष नव्हता बिचाऱ्याचा. शेरभर मीठ पोटात टाकून बाई त्यालाच विचारत होती, बी.पी. वाढवलंस कशाला?

अनुश्रीनं पाणी दिलं. उपवास थांबवा म्हणाली, मिक्चर बंद, वरची बरणी आणि खालची बरणी दोन्ही बंद. रोज दोन वेळा साधं, अळणी जेवण, लिंबू चालेल. आणि बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं, ते शहाणपणा करून सुजयला मुळीच द्यायचं नाही, त्यातलं पोटॅशियम त्याच्या जिवावर बेतेल. निघताना ती म्हणाली, "मॅम, होमवर्क नीट करा. नाहीतर बाहेर उभं करीन."

सुजयला हे घरी कळलं तेव्हा तो सोफ्यावर आडवा झाला. "एम.एस्सी.!" एवढंच तो म्हणू शकत होता. "आई, यार, एम.एस्सी.!" मग उठून बसला आणि आईच्या पायाला हात लावला. "डिक्कीचं सॉरी."

राहिला प्रश्न नवसाचा. त्या संध्याकाळी शारदाबाई देवघरासमोर बसल्या ते पाठ म्हणायला नाही, हिशेब मिटवायला. "हे बघ," त्या गणपतीला म्हणाल्या, "मी तुला उपवास बोलले होते आणि खिचडी खात बसले. चूक माझी. पण तूही बघत होतास, एकदा तरी शिंकायचं होतंस. आता संकष्टी तेवढी करीन आणि खरी करीन, दुधावर. बाकीचे सोड. नाहीच सोडवत तर शिक्षा मला कर, किडनीला करू नकोस. ती आता सुजयची आहे."

गणपती काही बोलला नाही. शारदाबाईंनी ती संमती धरली. सासूबाईंशीही त्या असंच करत.

त्यानंतर घरात तीन वाट्या मिठाआधी निघायला लागल्या. तिसरी श्रीकृष्णरावांची. ते कुणी मागितलेलं नव्हतं. फक्त एक दिवस त्यांनी डिक्कीतली पुडी आणून कचऱ्यात टाकली आणि ताटावर बसताना म्हणाले, "एकाला सवय झाली, दुसरीला होतेय, मी काय रिजेक्ट माल आहे का?" सुरुवातीला तिघं जेवायला बसत तेव्हा शोकसभेसारखी शांतता असे. मग एकदा शारदाबाईंना फ्लॉवर गोडसर लागला. त्यांनी पुन्हा घास घेऊन पाहिलं. खरंच गोडसर होता. पंचावन्न वर्षांत फ्लॉवरनं हे कधी सांगितलंच नव्हतं, किंवा सेवेच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं. त्यांनी हे सुजयला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, सवय होते.

चपलेचा पट्टा मात्र आपोआप सैल झाला.

चोवीस तासांचं मशीन दंडाला बांधलं तो दिवस नेमका संकष्टीचा निघाला. तारीख बदलून मागावी असं श्रीकृष्णराव म्हणाले; शारदाबाईंनी आधी डॉक्टर मुकुलांना फोन करून दूध-फळं चालतील का ते विचारलं. चालतील, म्हणाले. मग त्या ऐकेनात. बोलले ते बोलले.

सकाळी दूध, एक केळं. दुपारी दूध, एक पेरू. चार वाजता, मिक्चरच्या वेळेला, त्यांना पोटात काहीतरी विचित्र जाणवलं. थोड्या वेळानं कळलं की ती भूक आहे. तीस वर्षं संकष्ट्या केल्या, त्यात उपाशी त्या आज पहिल्यांदा राहिल्या होत्या.

"देवाला आज पहिल्यांदा कळणार बघ, तू उपवास करतेस ते," सुजय म्हणाला.

त्या उत्तर देणार तेवढ्यात दंडावरचा पट्टा घूं करून फुगायला लागला. तो फुगला की हात सरळ ठेवायचा, हलायचं नाही, बोलायचं तर अजिबात नाही, अशी ताकीद होती. थोड्या थोड्या वेळानं तो फुगत होता, आणि बापलेकांना या नियमाचं मोल दुपारपर्यंत कळून चुकलं होतं. घूं झालं की दोघं धावत येत.

"तुझा भाऊ हातोदहून शेंगा आणतो ना," श्रीकृष्णराव घाईघाईनं म्हणत, "त्या किडक्या असतात. दरवर्षी."

शारदाबाई डोळ्यांनी जाळत. हात सरळ.

पुढच्या घूंला: "आणि लग्नातला सूट मला टोचत होता. तुझ्या काकांनी आणलेला. अजून टोचतो."

पट्टा सैल व्हायचा तोवर श्रीकृष्णराव गॅलरीत पोचलेले असत.

संध्याकाळी चंद्राची वाट बघत सुजय आणि त्या गच्चीवर बसले होते. आदल्या दिवशीच डायलिसिस झालं होतं, म्हणून तो जरा ताजा होता. खाली कुणाच्या तरी स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी पडली आणि दोघांनी एकाच वेळी श्वास ओढला. मग घूं झालं. शारदाबाईंनी हात सरळ केला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं, बोल, तुझंही काय असेल ते बोलून घे, अशा नजरेनं.

पट्टा पुरता आवळल्यावर सुजयनं समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत सांगितलं, "आई, मला लिस्टमध्ये नव्हतं थांबायचं. त्या दिवशी रिक्षात खोटं बोललो. मला फार भीती वाटत होती. थँक यू."

शारदाबाईंना हलता येईना, बोलता येईना. मनात एकच गोष्ट घोकत होत्या: मेल्या, आत्ताच बोलायचं होतं का? आकडा बिघडला माझा. पट्टा आवळलेला, डोळ्यांतून पाणी गालावर, आणि ते पुसायला हात उचलायची परवानगी नाही. सुजयनंच ते आपल्या बाहीनं पुसलं, जरा रासवटपणे.

पट्टा सैल झाला तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "गाढवा."

चंद्र आला. अळणी वरणभातावर लिंबू पिळून त्यांनी उपवास सोडला, दोनदा भात घेतला.

दोन दिवसांनी डॉक्टर मुकुलांनी मशीनमधला आलेख पडद्यावर लावला. तिघं खुर्च्यांच्या कडेवर बसले होते. डॉक्टरांचं बोट रेघेवरून चाललं. सकाळ ठीक, दुपार ठीक. अधूनमधून छोटे उंचवटे होते, श्रीकृष्णरावांच्या किडक्या शेंगांएवढे. संध्याकाळपाशी बोट थांबलं. तिथे रेघ एकदम वर उडालेली होती, सुळक्यासारखी.

"आंटीजी, यहाँ क्या हुआ था? झगड़ा?"

शारदाबाईंनी सुजयकडे पाहिलं. सुजयनं छताकडे पाहिलं. ते त्यानं बापाकडून उचललं होतं.

"वो... लड़का बीच में बोल पड़ा था," त्या म्हणाल्या.

"क्या बोला?"

"कुछ नहीं. फालतू."

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. "एका आकड्यानं काही होत नाही. सरासरी बघतो आम्ही. सरासरी छान आहे." त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. "कागदपत्रं, कमिटीची मंजुरी, ते मी बघतो. तुम्ही दोघं पुढच्या महिन्यासाठी तयार राहा."

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर शारदाबाईंनी आधी डिक्की उघडून बघितली. रिकामी होती. श्रीकृष्णराव म्हणाले, "विश्वास नाही माझ्यावर?"

"आहे ना. चेक करत होते. क्वालिटी कंट्रोल."

सुजय हेल्मेटचा पट्टा लावत होता. "आई, एक टेन्शन आहे पण. तुझी किडनी म्हणजे पंचावन्न वर्षं सेवेवर वाढलेली. माझ्यात आल्यावर तिनं सेव मागितली तर मी काय करू?"

"नाही मागणार," शारदाबाई म्हणाल्या. "फ्लॉवर खायला घाल तिला."

"फ्लॉवर?"

"गोड लागतो. घरी चल, आज तोच केलाय."